भोसल्यांबरोबर आलेला माणूस

रायपुरातील जुन्या मराठी घरांत आपल्या मुळाविषयी विचारणा केली, तर बहुधा एकच वाक्य ऐकावयास मिळते : ‘आम्ही भोसल्यांबरोबर आलो.’ वाक्य छोटे आहे. ते उच्चारताना आवाज किंचित उंचावतो आणि पुढच्या प्रश्नाला मात्र उत्तर नसते. कोण आले? कोणत्या गावाहून, कोणत्या साली, आणि मुख्य म्हणजे कशासाठी? या प्रश्नांपाशी घरातील वडीलधारी मंडळी थांबतात आणि देवघरातील टाक, पितळी समई किंवा एखादा जीर्ण मोडी कागद पुढे केला जातो. तो कागद वाचता येणारे माणूस घरात गेल्या तीन पिढ्यांत नसते.

या वाक्यातील दोन शब्द तपासून पाहण्यासारखे आहेत. पहिला ‘आम्ही’. आलेला तो एक माणूस, आठ-दहा पिढ्यांपूर्वीचा. आज ‘आम्ही’ म्हणणारा त्याच्या जागी स्वतःला नकळत उभा करतो, त्याच्या प्रवासात, कष्टांत आणि पराक्रमात, असलाच तर, वाटा मागतो. दुसरा शब्द ‘बरोबर’. तो वरकरणी फार निरुपद्रवी आहे. आळंदीला दिंडीबरोबर जावे तसे कोणी छत्तीसगडात गेले नव्हते. भोसल्यांबरोबर म्हणजे नेमके कशाबरोबर? फौजेबरोबर, कचेरीबरोबर की मुदपाकखान्याबरोबर? प्रत्येक उत्तरागणिक पूर्वज बदलतो. आणि त्याच्याशी आज सांगावयाचे नातेही बदलते.

इतिहासाचा सांगाडा स्पष्ट आहे. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनानी भास्करपंत कोल्हटकर पूर्वेकडील स्वारीवर जाताना रतनपुरावरून गेला. तेथील कलचुरी राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, पुत्रशोकाने खचलेला होता. प्रतिकार जवळजवळ झालाच नाही आणि नगरावर एक लाख रुपयांचा दंड बसला. रायपूरच्या कलचुरी शाखेतील अमरसिंहाची सत्ता १७५० च्या सुमारास गेली. पुढे रघूजींचा पुत्र बिंबाजी रतनपुरास येऊन राहिला आणि १७८७ मध्ये मरेपर्यंत त्याने तेथूनच कारभार केला. त्याच्या काळात अमरसिंहाच्या मुलाला निर्वाहासाठी रायपूर प्रदेशातील दर गावामागे एक रुपया नेमून दिला गेला. ज्या वंशाने शतकानुशतके राज्य केले, त्याची किंमत गावामागे रुपया ठरली, हे कोणत्या तरी कारकुनाने आपल्या वळणदार अक्षरांत लिहून ठेवले असणार. बिंबाजीनंतर कारभार सुभेदारांच्या हाती गेला. १७९० मध्ये सुभेदारीवर आलेल्या विठ्ठलराव दिनकराने मुलखाची परगण्यांत विभागणी केली. कमाविसदार आणि फडणीस नेमले गेले. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीत एग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले.

म्हणजे ‘आलो’ या क्रियापदाला निदान चार काळ आहेत. १७४१ च्या घोडदळातील बारगीर वेगळा, बिंबाजीच्या आश्रयाला आलेला वैदिक वेगळा, परगण्याच्या कचेरीत बसलेला कारकून वेगळा आणि १८१८ नंतर ठाण्याबरोबर रतनपूर सोडून रायपुरास बिऱ्हाड हलविणारा वेगळा. (पुढे रेल्वेबरोबर आलेले आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याबरोबर आलेले तर आणखी निराळे; पण तेही एक-दोन पिढ्यांत ‘भोसल्यांबरोबर’ आल्याचे सांगू लागतात, हा मनुष्यस्वभाव आहे.) घराण्याच्या स्मृतीत हे चारही काळ एका वाक्यात वितळून गेलेले असतात. त्या वितळण्यात एक सोय असते. कोणत्याच काळाचा हिशेब द्यावा लागत नाही.

आता असा एक वंशज कल्पावा की जो हा हिशेब मांडावयास निघाला आहे. त्याच्या हाती साधने कोणती? तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. काशी, गया, प्रयाग, त्र्यंबकेश्वर येथे यात्रेकरूंची नावे, गाव, बापाचे व आज्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या उतरून घेतलेले आहे. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी छापलेले कुलवृत्तान्त आहेत. त्यांत एखाद्या शाखेपुढे ‘नागपूर प्रांती गेला’ किंवा नुसतेच ‘परागंदा’ असे लिहिलेले सापडते. एका बाजूस जो परागंदा, तोच दुसऱ्या बाजूस मूळपुरुष. या दोन नोंदींमध्ये शेकडो कोसांचे अंतर आहे. ज्या घरातून तो गेला, तेथे त्याची आई, भाऊ, कदाचित टाकून दिलेली बायको राहिली. त्यांच्या दृष्टीने ही कथा स्थापनेची नसून नाहीसे होण्याची होती. आणि तिसरे साधन सरकारी दप्तर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत रायपूर मध्य प्रदेशात राहिले, नागपूर मुंबई राज्यात गेले. २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले. घर एका राज्यात आणि घराचा कागद दुसऱ्या राज्यात, अशी आज स्थिती आहे.

हा शोध केवळ आपल्याकडचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून अमेरिकेस गेलेल्या पूर्वजांचा माग काढणारे वंशज असंख्य आहेत, आणि त्यांच्या हाती कागद भरपूर असतो. १८२० पासून बंदरांवर उतरणाऱ्या उतारूंच्या याद्या आहेत. दर दहा वर्षांची जनगणना आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळे, त्याचे दाखले आहेत. अशा दाखल्यावर आज्याच्या आज्याचे नाव वाचताना वंशजाचे डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु ती जमीन ‘सरकारी’ कशी झाली, तिच्यावर आधी कोण राहत होते, हे त्या दाखल्यावर लिहिलेले नसते. १८५० च्या अमेरिकी जनगणनेत प्रथमच प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले गेले. त्याच वर्षी गुलामांची यादी वेगळी झाली. तिच्यात बहुधा नाव मालकाचे असे आणि खाली केवळ वय, लिंग आणि वर्ण. एकाच वर्षी, एकाच सरकारने केलेल्या दोन याद्यांपैकी एकीतून वंशावळ उभी राहते आणि दुसरीत तिचा धागा तुटतो.

परगण्याच्या दप्तराची गोष्ट तत्त्वतः वेगळी नाही. जमाखर्चात कारकुनाची नेमणूक नावानिशी येते, शिबंदीचा रोजमुरा येतो. आणि ज्या धान्यावर हा सगळा डोलारा उभा राहिला ते पिकविणारा मात्र ‘रयत’ या एका शब्दात, फार तर गावाच्या नावात, सामावलेला असतो. आपला पूर्वज आपल्याला सापडतो तो तो थोर होता म्हणून नव्हे. ज्यांचा हिशेब ठेवला गेला त्यांच्यावर नव्हे, ज्यांनी तो ठेवला त्यांच्या बाजूला तो बसला होता म्हणून. हे एकदा लक्षात आले की सापडल्याचा आनंद पूर्वीइतका निर्मळ राहत नाही.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. पूर्वजाच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगावयाचा, तर त्याच्या अपकृत्याची लाजही वाटली पाहिजे. दोन्हींचा आधार एकच, ‘आम्ही’ हा शब्द. एक पान ठेवून दुसरे फाडता येत नाही. उलट, जे त्याने केले त्याच्याशी आपला काही संबंध नाही अशी भूमिका घेतली, तर लाज टळते. पण मग शोध तरी कशाचा चालला आहे? भास्करपंताच्या स्वाऱ्यांची आठवण मराठीत पराक्रम म्हणून राहिली. बंगालात ती अंगाईगीतातील भीती म्हणून राहिली, आणि गंगाराम नावाच्या कवीने तिच्यावर ‘महाराष्ट्र पुराण’ रचले. आपल्या नावाचे पुराण दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या दुःखाने लिहिलेले असावे, ही गोष्ट मराठी वाचकाने पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

मात्र लाजेचाही एक सोपा, थोडासा दिखाऊ प्रकार असतो, आणि त्यापासून सावध राहिले पाहिजे. अठराव्या शतकातील गरीब कारकुनाला आजच्या न्यायासनासमोर उभे करून वंशजाने स्वतःची सुटका करून घेणे, हा अभिमानाचाच उलटा अवतार आहे. तो माणूस कदाचित कर्जाला कंटाळून निघाला असेल, कदाचित भाऊबंदकीत वतनाचा वाटा गमावून. जंगलातून, पावसाळी नद्यांतून, अनोळखी बोलीच्या मुलखात तो उतरला. त्याच्यापुढे पर्याय किती होते हे आज कोणाला सांगता येणार नाही. शिवाय त्याने घर का सोडले हे त्याचे गुपितही असू शकते. मृताला आपले गुपित राखण्याचा हक्क असतो काय, हा प्रश्न वंशावळी लिहिणाऱ्यांनी क्वचितच विचारला आहे.

या गुंत्यात रायपूरचाच एक माणूस आठवतो. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांची मातृभाषा मराठी. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. १९०८ मध्ये नागपूरच्या ‘हिंदी केसरी’तील लेखांसाठी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि घरच्यांच्या आग्रहापोटी माफी लिहून देऊन ते सुटले. त्या माफीची टोचणी त्यांना इतकी लागली की त्यांनी काही काळ माधुकरी मागून प्रायश्चित्त घेतले. ही गोष्ट येथे नोंदविण्याचे कारण असे की प्रायश्चित्त केवळ आपल्या कृतीचे घेता येते. पूर्वजाच्या कृतीचे प्रायश्चित्त ही शब्दांची कसरत होय.

पण त्याच सप्र्यांनी १९०१ मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा लिहिली. हिंदीतील पहिली कथा म्हणून काही अभ्यासक तिचा निर्देश करतात. एका जमीनदाराला वाड्याचे आवार वाढविण्यासाठी अनाथ विधवेची झोपडी हवी असते; कोर्टकचेरी करून तो ती मिळवतो. म्हातारी चुलीपुरती टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलू लागावयास त्यालाच विनविते. ती त्याच्याने उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलत नाही, तर साऱ्या जमिनीचा जन्मभर कसा पेलणार, असे ती विचारते. भोसल्यांची सत्ता जाऊन अर्धशतक होत आलेले असताना, त्याच मुलखात, एका मराठी माणसाने स्थानिक वाचकासाठी हिंदीत ही कथा लिहावी, याला योगायोग म्हणून सोडून देता येईल. तथापि ज्या भाषेत कचेरीने रयतेचा हिशेब ठेवला ती आपली भाषा क्षणभर बाजूला ठेवून, जिचे नाव कोणत्याही जमाखर्चात येत नाही अशा बाईला बोलते करणे, हे पूर्वजाशी नाते सांगण्याच्या ज्ञात प्रकारांहून वेगळे आहे. सप्र्यांच्या मनात असा काही हेतू होता असे म्हणण्यास आधार नाही. कथा मात्र तसे काम करते.

वंशाच्या प्रश्नावर सर्वांत मोठा निवाडा या प्रदेशाने १८५३–५४ मध्येच पाहिला होता. तिसऱ्या रघूजींना औरस पुत्र नव्हता. डलहौसीने दत्तकाचा हक्क मानला नाही आणि राज्य गेले. आपल्या परंपरेत दत्तक घेतलेला मुलगा पिंड देण्यास पूर्ण अधिकारी असतो. म्हणजे वंश रक्ताने जितका चालतो तितकाच स्वीकाराने चालतो, हे आपण फार पूर्वी मान्य केलेले आहे. मग रक्ताची रेषा शोधीत दप्तरे धुंडाळणाऱ्या वंशजाने हेही विचारावे की आपण कोणाला स्वीकारले आणि कोणाला नाही. सुनांची माहेरची नावे वंशावळीत नाहीत. परमुलखातील आरंभीच्या दिवसांत स्थानिक बायकांशी झालेले संबंध आणि त्यांतून झालेली मुले, असलीच तर, त्यांच्यासाठी तीर्थोपाध्यायाच्या वहीत रकानाच नाही.

श्राद्धाचा विधी या बाबतीत विचार करावयास लावणारा आहे. त्यात नावानिशी पिंड मिळतो तो बाप, आजा आणि पणजा यांना. त्यापलीकडच्या तीन पिढ्यांच्या वाट्याला, दर्भाला पुसलेल्या हाताचा लेप तेवढा येतो. आणि त्याहून मागचे सगळे नाव हरवून पितरांच्या समुदायात मिसळतात. भोसल्यांबरोबर आलेला माणूस केव्हाच त्या सीमेपलीकडे गेला आहे. शास्त्राने त्याची आठवण ठेवण्याचे बंधन वंशजावर घातलेले नाही. परंतु तर्पणाच्या शेवटी पाणी सोडले जाते ते आपल्या कुळापुरते नसते. जे बांधव होते त्यांना, जे बांधव नव्हते त्यांना, ज्यांना पाणी देणारा कोणी उरला नाही त्यांनाही ते दिले जाते. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर राजिमला, जेथे छत्तीसगडातील माणसे आपल्या मृतांच्या अस्थी घेऊन येतात, तेथे रायपूरचा एखादा मराठी गृहस्थ ओंजळीत पाणी घेऊन उभा राहतो. उपाध्याय त्याला गोत्र विचारतो, बापाचे नाव विचारतो, आज्याचे, पणज्याचे. ती नावे त्याला पाठ असतात. मग न विचारलेल्यांची पाळी येते. तेथे नुसते पाणी सोडावयाचे असते.