बेथलेहेमची वाट आणि नगर रस्ता

सणसवाडीत निवांतपणा मागून मिळत नाही. नगर रस्त्यावर कंटेनर अहोरात्र धावत असतात, कारखान्यांच्या पाळ्या सुटतात आणि भरतात. इथला ख्रिस्ती माणूस डोळे मिटून प्रार्थनेला बसला, की मनात आधी येते ते कालचे देणे, उद्याची ड्यूटी आणि मुलांची फी. या चित्रांचे करायचे काय, हा प्रश्न ख्रिस्ती साधक निदान सोळाशे वर्षे विचारत आले आहेत.

पहिले उत्तर कडक होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियसने बजावले, की प्रार्थनेत देवाला कोणताही आकार देऊ नका. मन स्वतःच घडवलेल्या मूर्तीपुढे वाकेल, ही त्याची भीती. निर्गुणाची ही ओढ आपल्याला परकी नाही. पण संसारी माणसाला आधार लागतो. 1223 च्या नाताळात फ्रान्सिस ऑफ असिसीने इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली, त्यात गवत घातले, शेजारी बैल आणि गाढव बांधले. येशू किती गरिबीत जन्मला हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू. इथे सगुणाला दार उघडले.

या विचाराला खरे वळण दिले ते इग्नेशियस लोयोलाने. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून हा शिपाईगडी अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवी. एक पराक्रमाची आणि दरबारी मानमरातबाची, दुसरी संतांसारखे जगण्याची. पहिली रंगवताना गोड वाटत, पण नंतर मन कोरडे पडे. दुसरीचा आनंद मागे उरे. कल्पना मारून टाकायची नसते, पारखायची असते, हे त्याला तिथे कळले. यातूनच 1548 मध्ये छापलेले त्याचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक घडले.

त्यातले एक चिंतन बारकाईने पाहण्यासारखे आहे. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता मनापुढे आणा, असे तो सांगतो. किती लांब, किती रुंद, सपाट की चढउताराचा? जन्माची गुहा ठेंगणी की उंच? उत्तरे तो देत नाही, ती साधकाने भरायची. म्हणून शिरूर तालुक्यातला माणूस हे चिंतन करू लागला, की त्या वाटेला काळी माती येते, कडेला ऊस येतो, भीमेचे पात्र येते. मग साधकाने गरीब सेवक होऊन येशूच्या कुटुंबाजवळ उभे राहायचे, लागेल ते हातात द्यायचे आणि शेवटी मित्राशी बोलावे तसे प्रभूशी बोलायचे. मानसपूजा जाणणाऱ्या महाराष्ट्राला ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

याच शिस्तीत तयार झालेला, इग्नेशियसच्या येशूसंघातला थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राचोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्याने ख्रिस्तकथा मांडली, आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणताना तो कचरला नाही. त्या काळच्या गोव्यात धर्मसत्तेची जबरदस्ती होती, हे विसरता येत नाही. तरीही ओवीतून बेथलेहेम पाहण्याची सोय मराठी माणसाला याच ग्रंथाने करून दिली. तीनशे वर्षांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगातून ख्रिस्ताला हाक मारली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

1955 मध्ये धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी श्रीलंकेतल्या कँडीहून याच नगर रस्त्यावर रामवाडीला आली आणि पुणे ख्रिस्ती अध्ययनाचे मोठे केंद्र झाले. पुढे मुंबईत जन्मलेल्या फादर अँथनी डिमेलो यांनी 1970 च्या दशकात पुण्यात साधना संस्था सुरू केली. ती नंतर लोणावळ्याला गेली. 1978 च्या त्यांच्या ‘साधना’ या पुस्तकात श्वासाकडे लक्ष देणे, कल्पनाचित्रे आणि भक्ती एकत्र नांदतात. आधी शरीर शांत करायचे, मग शुभवर्तमानातल्या प्रसंगात शिरायचे. इव्हाग्रियसचे मौन आणि इग्नेशियसची चित्रे इथे शेजारी बसली. त्यांच्या निधनानंतर 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही लेखनाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. देवाला निराकार म्हणता म्हणता ख्रिस्ताचा चेहराच पुसला जाईल, ही चिंता त्यामागे होती. ती रास्त आहे. पण म्हणून मौनच टाकून देणे मला पटत नाही. चित्र आपल्याला प्रभूजवळ नेते, आणि तिथे पोचल्यावर गप्प बसावेच लागते.

मग कल्पना खरी की मनाचे खेळ, हे ओळखायचे कसे? उत्तर शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला आहे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण गेली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या भुकेल्या मुली पाहिल्या, तेव्हा रमाबाईंना त्या मुलींत आपलेच घर दिसले असणार. त्या मुलींना घेऊन त्या आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला पाहता येणे ही कल्पनेचीच ताकद; ती कृतीत उतरली, की खरी.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. कामावर निघण्याआधी थोडा वेळ काढा. शुभवर्तमानातला एक प्रसंग घ्या, त्यात आपला रस्ता, आपली माती येऊ द्या, मग काही न मागता बसा. आणि उठल्यावर त्या दिवशी तुमच्या वाटेत जो अडलेला भेटेल, त्याच्यासाठी थांबा. तुम्ही थांबलात, तर प्रार्थना झाली असे समजा.