पाण्याच्या हक्काची जागा

जुन्या कारखान्याचा कायापालट करताना 'पाणी' ही कल्पना घेतली की काय काय येणार हे जवळपास ठरलेलं असतं: निळ्या फरश्या, लाटेसारखं छत, दारातच काचेवरून ओघळणारी धार. हे सगळं उद्या काढून टाकलं तरी इमारतीचं काही अडत नाही, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. पाण्यापासून प्रेरणा घेतली म्हणायचं, तर त्या इमारतीत पाण्याने काहीतरी ठरवलेलं असलं पाहिजे. माणसं कुठे रेंगाळतील, भिंत कुठे नको, बांधकाम कुठे करायचंच नाही, यातलं काहीतरी.

ब्राझीलमध्ये साओ पाउलोतलं सेस्क पोम्पेया केंद्र या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखं आहे. पिंपांचा आणि पुढे रेफ्रिजरेटरचा हा कारखाना बंद पडल्यावर वास्तुरचनाकार लीना बो बार्दी १९७६ मध्ये तो पहिल्यांदा पाहायला गेल्या; पुढच्या भेटीत त्यांना शेडमध्ये मुलं चेंडू खेळताना दिसली. शेड पाडायच्या नाहीत, हे त्यांनी ठरवलं. गिलावा काढून विटा उघड्या केल्या, छपरात कौलांच्या जोडीला काच घालून उजेड आत घेतला. मोठ्या दालनात त्यांनी फरशीतच उथळ, वळणावळणाचं पाणी खेळवलं, तळाशी गोटे पसरले आणि त्याला साओ फ्रान्सिस्को नदीचं नाव दिलं. वाचत बसलेली माणसं, खेळणारी मुलं, शेकोटीभोवतीचा घोळका यांच्यात भिंती घालाव्या लागल्या नाहीत. जागेची वाटणी बरीचशी पाण्यानेच केली. बाहेर तर पाण्याचा शब्द अखेरचा ठरला. आवाराखालून बंदिस्त ओढा वाहतो आणि त्यावर बांधायला मनाई होती. लीनाबाईंनी क्रीडासंकुल दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांत विभागलं, ते काँक्रीटच्या पुलांनी हवेतच जोडले आणि ओढ्यावर लाकडी फळ्यांचा लांबलचक पट्टा अंथरला. तिथे आता लोक ऊन खात पडतात.

यावर कुणी म्हणेल की दालनातली नदी पाणी वाचवत नाही आणि ओढा अजूनही फळ्यांखाली कोंडलेलाच आहे. दोन्ही खरं आहे. पण भक्कम इमारत पाडून तेवढंच सिमेंट नव्याने ओतणं टळलं, ही बचत कोणत्याही यंत्रणेच्या आधीची. आणि ओढ्यावरची जागा मोकळी राहिली, म्हणून तो कधीतरी उघडा करण्याची वाट तरी शिल्लक आहे.

हाच विचार आपल्याकडे लावायचा, तर मुंबईच्या कापडगिरण्यांत पाणी आधीपासून राबतच होतं. वाफेच्या इंजिनांसाठी तळी होती, आणि सूत तुटू नये म्हणून साचेखात्याची हवा मुद्दाम दमट ठेवत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात, जिथे वस्त्रोद्योग संग्रहालय योजलं आहे, असं तळं आजही आहे. इथे पोम्पेयाची नक्कल मात्र चालणार नाही. मुंबईच्या दमट हवेत उघडं पाणी आत आणलं तर जुन्या कापडाला बुरशी लागेल. डासांची भीतीही खोटी नाही. म्हणून पाणी बाहेर तळ्यातच राहावं, त्यात गप्पी मासे सोडावेत, कापडाची दालनं त्यापासून सर्वांत लांब आणि कोरडी असावीत. छपरांच्या पन्हळींतला पाऊस गाळून तळ्यात यावा आणि तिथून शौचालयांना, झाडांना जावा. त्यासाठी आराखड्यातली पहिली रेघ भर पावसातल्या तळ्याच्या पातळीची हवी, दुसरी प्रत्येक पन्हळीच्या उताराची. दालनांच्या भिंती त्यानंतर आखाव्यात.