यंत्राला कळवळा येईल काय?

दुसऱ्याचे दुःख आपल्याला 'कळते' म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न बराच काळ तत्त्वज्ञांच्या दालनात पडून होता. गेल्या तीसेक वर्षांत तो यंत्रशाळेत जाऊन पोहोचला आहे. वृद्धांना, स्मृतिभ्रंश झालेल्यांना व स्वमग्न मुलांना सोबत करणारे, समोरच्याचा रागरंग पाहून आपले वागणे बदलणारे यंत्रमानव आज परदेशांतील शुश्रूषागृहांत वापरात आहेत. आमच्या धर्मग्रामांतून ज्या घरांची मुले आखातात वा कॅनडात गेली आणि ओटीवर दोन वृद्ध जीव तेवढे उरले, त्या घरांनी हा प्रश्न परका मानण्याचे कारण नाही.

या यंत्रांपैकी जुनेजाणते म्हणावे असे एक म्हणजे 'पारो'. ताकानोरी शिबाता या जपानी संशोधकाने 1993 पासून त्यावर काम केले. 2005 साली तो जपानात विक्रीस आला आणि 2009 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. रूप सील या समुद्री प्राण्याच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लाचे, वजन सुमारे 2.7 किलो, म्हणजे तान्ह्या बाळाइतके. मऊ केसांच्या आवरणाखाली स्पर्श, उजेड, आवाज, उष्णता ओळखणारी साधने दडवलेली असतात. ज्या हालचालीनंतर त्याला कुरवाळले ती पारो पुन्हा करतो. जिच्यानंतर फटका बसला ती टाळू लागतो. मांजर वा कुत्रा सोडून सील निवडण्यात शिबातांची खरी हुशारी आहे. मांजर सर्वांच्या परिचयाचे. नकली मांजराची लबाडी चटकन उघडी पडते. सीलचे पिल्लू मात्र सहसा कुणी मांडीवर घेतलेले नसते. (त्याच्या बॅटरीत वीज भरायची तीही बाळाच्या चोखणीसारख्या साधनातून!)

पारोचा उपयोग होतो काय? होतो. ऑस्ट्रेलियातील शुश्रूषागृहांत स्मृतिभ्रंश झालेल्या 415 वृद्धांवर घेतलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. काहींना पारो दिला, काहींना यंत्रणा बंद ठेवलेला पारो, म्हणजे निव्वळ मऊ खेळणे, आणि काहींना नेहमीचीच शुश्रूषा. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा पारोने मन अधिक प्रसन्न राहते, तगमग कमी होते, असे दिसले. परंतु बंद पारोशी तुलना करता चालू पारो सरस ठरला तो एवढ्यापुरताच, की वृद्ध त्याच्याकडे अधिक पाहत आणि त्याच्याशी अधिक बोलत. आम्हांला या निष्कर्षात विचार करण्याजोगे पुष्कळ सापडते. यंत्राने भावना ओळखली म्हणून मन निवले असे म्हणण्यापेक्षा, थकल्या हाताला कुरवाळायला काही मिळाले म्हणून ते निवले, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल. माया होती ती त्या हातात. इतके दिवस तिला कुठे टेकायला जागा नव्हती.

माणूस आपली माया कुठेही ओततो, हे योसेफ वायझेनबाउम यांना फार आधी कळून चुकले होते. हिटलरच्या जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत आलेल्या या ज्यू संगणकतज्ज्ञाने 1966 साली 'एलायझा' ही संगणकीय योजना प्रसिद्ध केली. रुग्णाचेच वाक्य उलटवून त्याला प्रश्न म्हणून परत देणे, एवढीच तिची करामत. वायझेनबाउम यांची चिटणीस तिच्याशी 'बोलायला' बसली आणि थोड्याच वेळात तिने त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. ही योजना तयार होताना त्या बाईने स्वतः पाहिली होती! या अनुभवाने ते हादरले. जेथे माणसाला माणसाचा आदर आणि समज हवी, तेथे संगणक बसवू नये, असे त्यांनी 1976 साली ग्रंथ लिहून बजावले.

समजणे म्हणजे काय, याचे उत्तर शोधणाऱ्यांत आपल्या एक संत आहेत. एडिथ स्टाइन यांनी हुसर्ल यांच्या मार्गदर्शनाखाली 1916 साली जो प्रबंध सादर केला, त्याचा विषयच समानुभूती हा होता. त्यापूर्वी, 1915 साली, महायुद्धाच्या धामधुमीत, त्या साथीच्या रोग्यांच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून राबल्या होत्या. पुढे त्या कार्मेल मठात गेल्या, 1942 साली आउशवित्झच्या छळछावणीत मारल्या गेल्या आणि 1998 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद दिले. त्यांच्या विवेचनाचा गाभा आमच्या शब्दांत असा: दुसऱ्याचे दुःख मी चेहऱ्यावरून गणित मांडून काढीत नाही, आणि ते माझेही होऊन जात नाही. ते त्याचेच राहते, तरी मला भिडते, कारण मीही दुखू शकणाऱ्या देहात जगतो. यंत्राच्या पदरी नेमके गणितच तेवढे आहे. भुवयांची ठेवण, आवाजाची पट्टी, बोलण्याचा वेग मोजून ते चार-सहा रकान्यांपैकी एकात माणसाला टाकते. मयताच्या घरी कोरड्या डोळ्यांनी सर्वांना चहा देत हिंडणाऱ्या बाईला ते 'शांत' ठरवील. शेजारीण मात्र तिच्या हातातला ट्रे काढून घेईल.

योहानाच्या शुभवर्तमानातील बेथानीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. लाजरस मरण पावला आहे. मार्था आणि मरिया या दोघी बहिणी प्रभू येशूकडे वेगवेगळ्या येतात आणि तोच एक बोल लावतात: आपण येथे असता तर भाऊ मेला नसता. शब्द तेच, परंतु उत्तरे भिन्न. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरियेला रडताना पाहून तो व्याकूळ होतो, त्याला कोठे ठेवले एवढेच विचारतो आणि रडतो. माणूस ओळखून वागणे बदलणे ते हेच, असे यंत्रवाले म्हणतील. म्हणोत बापडे. पण त्यांनी अध्यायाचा मागचा-पुढचा भागही वाचावा. यहुदियात पुन्हा गेलात तर लोक दगडमार करतील, अशी भीती शिष्यांनी आधीच घातली होती, आणि लाजरस उठल्यावर त्याच दिवसापासून येशूच्या वधाची मसलत सुरू झाली. त्या दोघी बहिणींचे सांत्वन त्याला फुकट पडलेले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दिवसातल्या पाचव्या आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणाऱ्या धर्मगुरूचे मन तरी दर वेळी भरून येते काय? रात्रपाळीच्या परिचारिकेचे? नाही येत. पुष्कळदा तोंडातले धीराचे शब्द सवयीनेच येतात. मग यंत्राने काय पाप केले? संत थॉमस अक्वायनस यांनी करुणेत भेद केला आहे: एक मनाचा उमाळा, दुसरी विवेकाने चालणारी इच्छाशक्तीची करुणा, आणि सद्गुण म्हणून त्यांनी या दुसरीलाच मान दिला. तेव्हा उमाळा नसणे हा यंत्राचा मुख्य उणेपणा नव्हेच. कोरड्या मनाने आलेली परिचारिका न येऊ शकली असती, तरी ती आली. तिची झोप गेली. अंथरुणावरच्या माणसाला हे ठाऊक असते आणि त्याला धीर येतो तो बराचसा त्यामुळेच. पारोला न येण्याची मुभाच नाही, म्हणून त्याच्या येण्याला 'येणे' म्हणता येत नाही.

मुभा नाही, तसे वचनही नाही. कॅलिफोर्नियातील एका कंपनीने लहान मुलांशी मैत्री करणारा 'मॉक्सी' नावाचा यंत्रमानव 2020 साली आणला होता. त्याचे बोलणे दूरच्या संगणकांवर अवलंबून असे. डिसेंबर 2024 मध्ये पैसा न उभा राहिल्याने कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि आपला मित्र आता बोलायचा थांबेल, हे आईबापांना मुलांना समजावून सांगण्याची वेळ आली. यंत्र चालू ठेवण्याची काही तजवीज पुढे झाली, हे खरे. पण मुलाला दिलेला 'मी तुझा मित्र' हा शब्द मोडला कुणी? मॉक्सीने तर तो दिलाच नव्हता, आणि ज्यांनी त्याच्या तोंडी घातला ते मुलाला ओळखतही नव्हते.

28 जानेवारी 2025 रोजी व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'आंतिका एत नोवा' हे टिपण प्रसिद्ध केले. खरी समानुभूती यंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यावरून कुणी पारोला सैतानाचे खेळणे समजू नये. एखाद्या कुटुंबाने आईसाठी असे यंत्र घ्यावे काय असे विचारले, तर आम्ही नको म्हणणार नाही. ते आल्यापासून मुलाचा रविवारचा फोन आखडला काय, सुनेचे खाटेशेजारी बसणे घटले काय, एवढे विचारू. पारोचा उपयोग चांगला होतो तो शेजारी कुणी बसले म्हणजे. म्हातारी त्या पिल्लाचे नाव विचारते, बसलेले माणूस सांगते. मग कधी तरी तिला आपली माहेरची मांजर आठवते आणि पारो मांडीवर तसाच पडून राहतो.