यंत्राने मालकाला विचारावे काय?

ज्याच्या हाती अधिकार सोपविला, त्याला तो वापरताना पुन्हा का विचारावे? संगणक आपल्याच मालकाकडे पासवर्ड मागू लागला की मालकाला तो अविश्वास वाटतो. या वाटण्यात तथ्य किती, हे पाहू या.

बीड जिल्ह्यातील एखादे 'आपले सरकार सेवा केंद्र' डोळ्यांपुढे आणावे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. त्याआधी मुलांसाठी उत्पन्नाचा नाही तर जातीचा दाखला हवा असतो. आधार कार्ड, सातबारा, पासबुक, सारे एकाच संगणकातून जाते. त्यावर चालक दिवसभर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणूनच बसला, तर त्याने नकळत उघडलेली घातक फाईलही त्याच्याच अधिकाराने वावरू लागते. यंत्राला नाव दिसते, हेतू दिसत नाही. चालक सज्जन आहे, एवढ्याने तेथे भागत नाही.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडू' हा प्रोग्रॅम रचला. पासवर्ड द्यावा, नेमून दिलेल्या कामापुरता अधिकार घ्यावा, ही त्याची रीत. विंडोजमध्ये असा प्रश्न २००७ साली व्हिस्टाबरोबर घरोघर आला. लोक इतके वैतागले की २००९ च्या विंडोज ७ मध्ये तो कमी वेळा विचारला जाऊ लागला. साध्या खात्यावर बसणाऱ्याला पासवर्ड द्यावा लागतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला मात्र, मुद्दाम बदल केला नसेल तर, केवळ 'हो' किंवा 'नाही' एवढेच विचारले जाते. आमचा आक्षेप येथे आहे. दहाव्या वेळी 'हो' म्हणणारे बोट प्रश्न वाचत नाही. पासवर्ड टंकताना निदान क्षणभर थांबावे लागते. (तोच पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून ठेवणाऱ्यांविषयी काय बोलावे!)

म्हणून चालकाचे रोजचे खाते साधे असावे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे वेगळे असावे आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे असावा, असे आम्हांस वाटते. पण एक अडचण आम्हांला बोचते. ऐन गर्दीत प्रिंटर अडला आणि पासवर्ड जाणणारा तालुक्याला गेलेला असला, तर रोजगार बुडतो तो रांगेतल्या मजुराचा. सावधगिरी आपली आणि भुर्दंड त्याला, हा कोणता न्याय? दाखला छापण्यास हा अधिकार मुळात लागू नये. लागत असेल तर मांडणीच चुकली आहे. प्रिंटर बसविणे, नवा प्रोग्रॅम घालणे ही कामे हंगामापूर्वीच उरकावीत, आणि पासवर्डची एक प्रत मोहोरबंद पाकिटात गावातच ठेवावी. पाकीट फुटले की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा.