मरणोत्तर नागरिकत्व

खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपल्याकडील जुनी शिकवण. ती मीठ खाणाऱ्याला उद्देशून आहे. मीठ वाढणाऱ्याचेही काही कर्तव्य असते, याचा उच्चार क्वचितच होतो. होसे अंतोनियो गुतिएरेस या तरुण सैनिकाची कहाणी आठवली की ही उणीव मनाला बोचते.

होसे मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाचा. १९६० पासून १९९६ पर्यंत तेथे यादवी युद्ध चालू होते. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला हा मुलगा राजधानीच्या रस्त्यांवर वाढला. पुढे निराधार मुलांच्या एका संस्थेने त्याला आसरा दिला. १९९७ च्या सुमारास मालगाड्यांवरून मेक्सिको ओलांडून तो परवान्यावाचून अमेरिकेत शिरला. अल्पवयीन म्हणून त्याला तेथे राहू देण्यात आले आणि कॅलिफोर्नियातील कुटुंबांनी आपल्या घरात घेतले. वास्तुविशारद व्हावे, अशी त्याची इच्छा होती. आश्रय देणाऱ्या देशाचे ऋण फेडावे, असेही त्याला वाटे. तो मरीन दलात भरती झाला. इराक युद्धाच्या आरंभीच, २१ मार्च २००३ रोजी, उम्म कस्र बंदराजवळ तो पडला. नोंदीनुसार तो २२ वर्षांचा होता. त्याला लागलेली गोळी स्वपक्षाचीच होती, हे पुढे स्पष्ट झाले.

त्यानंतर त्याला अमेरिकेचे नागरिकत्व बहाल झाले. देह मात्र ग्वाटेमालाच्या मातीत विसावला.

या दानाचा अर्थ काय? एक उत्तर असे की, राष्ट्राने त्याला सर्वोच्च मान दिला. आणखी काय द्यायचे? दुसरे उत्तर असे की, गरजू परक्याला पुढे करून बलाढ्य देशाने आपले युद्ध लढवले. २००३ च्या सुमारास अमेरिकी सैन्यात नागरिक नसलेले सुमारे ३७ हजार सैनिक होते, हे ध्यानी घेता दुसरे उत्तर सहज झटकता येत नाही. तरीही मला दोन्ही अपुरी वाटतात. पहिले होसेचा केवळ शेवटचा दिवस जवळ करते. दुसरे त्याची स्वतःची निवडच हिरावून घेते. तो अगतिक असेल; पण कृतज्ञ होण्याइतका स्वतंत्रही होता.

प्रश्न कृतज्ञतेच्या दुसऱ्या बाजूचा आहे. १९९० च्या अमेरिकी कायद्याने सैनिकाला मरणोत्तर नागरिकत्व मिळू शके; मात्र ते निव्वळ सन्मानार्थ होते, त्यातून आप्तांना कोणताही हक्क मिळत नसे. नोव्हेंबर २००३ मधील कायद्याने हे बदलले आणि अशा सैनिकाच्या निकटच्या कुटुंबीयांना वास्तव्यासंबंधी सवलती मिळू लागल्या. मृताच्या नावाचा कागद प्रथमच जिवंतांच्या उपयोगी पडू लागला.

येथे आपल्या इतिहासातील एक शब्द आठवतो : बालपरवेशी. मराठेशाहीत लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी जी नेमणूक करून देत, तिचे हे नाव. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या लष्करासोबत वा दफ्तरासोबत परमुलखात आले आणि तेथलेच झाले. त्या राजवटी दोषमुक्त नव्हत्या. परंतु पडलेल्याची आठवण म्हणजे त्याच्या मागे राहिलेल्यांची सोय, एवढे त्या शब्दाला नेमके ठाऊक होते.

होसेच्या मागे मुले नव्हती; ग्वाटेमालात एक बहीण होती. मग त्याची बालपरवेशी कोणाला द्यायची? मला वाटते, आज त्याच वाटेने निघालेल्या मुलाला. गणवेशातील होसेला वंदन करणे सोपे आहे. मालगाडीला लटकलेला, कागदपत्रांवाचून सीमा ओलांडणारा होसे हाही तोच. त्याला नाकारून पहिल्याचा गौरव करणे ही अर्धीच स्मृती होय. माणसाने आपण इथले आहोत हे मरून सिद्ध करावे, अशी अपेक्षा कोणत्याही भूमीने बाळगू नये. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्यासारख्यांना तरी हे वेगळे सांगावे लागू नये.