उमेदवाराचे मौन आणि कार्यकर्त्यांचा संताप

निवडणूक नगरपरिषदेची असो वा विधानसभेची, येवल्यासारख्या गावात एक तक्रार हमखास कानी येते. उमेदवार चांगला आहे, शिकलेला आहे, त्याच्या हाताला कधी लाच लागलेली नाही. पण तो बोलत नाही. समोरचा रोज सभेत त्याची टर उडवतो आणि हा दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला की त्यालाच आधी सलाम करतो. त्याच्यासाठी कामधंदा बुडवून पत्रके वाटणारी मुले वैतागतात. एवढे सभ्यच राहायचे होते तर अर्ज भरलाच कशाला, असा त्यांचा सवाल असतो.

वाचक बंधू-भगिनींनो, हा सवाल हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या शेजारच्या मालेगाव मध्य मतदारसंघाचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. त्याच वर्षी लोकसभेला वायव्य मुंबईत विजयी आणि पराभूत उमेदवारांत केवळ ४८ मतांचे अंतर होते. इतकी मते एका गल्लीत असतात. म्हणून उमेदवार एका गल्लीत जायचा कंटाळा करतो, तेव्हा कार्यकर्त्याचा जीव तुटतो, हे स्वाभाविक आहे. शिवाय पराभवाची किंमत उमेदवार एकटा चुकवत नाही. त्याची प्रतिष्ठा पराभवानंतरही शाबूत राहते. नळाच्या पाण्याची आणि तुंबलेल्या गटारीची काळजी मात्र त्याला मत देणाऱ्या बाईच्या वाट्याला पाच वर्षे तशीच राहते.

उमेदवाराच्या बाजूनेही एक भक्कम युक्तिवाद केला जातो, आणि तो धर्माच्या आधाराने केला जातो. प्रेषित ह. मुहम्मद (स.) यांनी ह. अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना सत्तापद मागू नका, असे बजावले होते. मागून मिळालेल्या पदाचा भार माणसाला एकट्याने वाहावा लागतो. न मागता मिळाले तर अल्लाहचे साहाय्य लाभते, असा त्या उपदेशाचा आशय आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत तो नोंदलेला आहे. ज्याच्या मनात हा उपदेश रुजला आहे, त्याला स्वतःच्या नावाचा जयघोष करवून घेताना लाज वाटली तर ते त्याच्या ईमानाचेच लक्षण मानले पाहिजे.

परंतु दिव्य कुरआनच ह. यूसुफ (अ.) यांचाही वृत्तान्त सांगतो. दुष्काळाची सात वर्षे समोर दिसत असताना त्यांनी राजाकडे धान्यकोठारांची जबाबदारी स्वतः मागितली, आणि आपण राखणदार व जाणकार आहोत, हेही स्पष्ट सांगितले (सूरह यूसुफ, आयत ५५). या दोहोंत विरोध नाही. पहिला उपदेश पदाच्या लोभाला आवर घालतो. दुसरा प्रसंग, लोकांवर संकट असताना पात्र माणसाने संकोचाच्या आड लपू नये, हे शिकवतो. म्हणून विद्वानांनी पद मागण्याची योग्यायोग्यता मागणाऱ्याच्या हेतूवर, पात्रतेवर आणि लोकांच्या गरजेवर ठरवली आहे.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. अर्ज भरण्यापूर्वी माणसाला मागे राहण्याचा अधिकार असतो. अर्ज भरल्यावर त्याने लोकांचे वकीलपत्र घेतलेले असते. न्यायालयात उभा राहून विनयामुळे गप्प बसणारा वकील विनयशील ठरत नाही. तो अशिलाचे नुकसान करतो. स्वतःची स्तुती न करणे हा उमेदवाराचा सद्गुण आहे. पालखेड कालव्याचे आवर्तन लांबले की गावाचे काय होते, रेशमाचे दर चढले की पैठणी विणणाऱ्याच्या हाती किती उरते, हे न मांडणे मात्र सद्गुण नव्हे. साक्ष दडवू नका, दडवणाऱ्याचे अंतःकरण पापी असते, अशी ताकीद कुरआनने दिली आहे (सूरह बकरा, आयत २८३). ती ताकीद व्यवहाराच्या संदर्भात आली असली, तरी लोकांची बाजू ठाऊक असून न मांडणाऱ्यानेही तिच्यासमोर थांबून विचार करावा.

स्वतःवरील खोट्या आरोपाबाबतही हाच विवेक हवा. आरोपाला उत्तर देणे आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे काही सज्जनांना वाटते. प्रेषित (स.) एतिकाफमध्ये असताना पत्नी ह. सफिय्या (रजि.) त्यांना भेटावयास आल्या होत्या. रात्री त्यांना निरोप देण्यासाठी ते निघाले, तेव्हा दोन अन्सारी सहाबी जवळून जात होते. प्रेषितांनी त्यांना थांबवून ही आपली पत्नी सफिय्या आहे, असे सांगितले. त्यांच्या मनात सैतानाने शंका पेरू नये, एवढाच हेतू. ज्यांच्यावर कोणी आरोपही केला नव्हता, त्यांनी खुलासा करण्यात कमीपणा मानला नाही. मग प्रभागातील एका उमेदवाराने का मानावा? १९८८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मायकेल डुकाकिस यांनी आपल्यावरील हल्ल्यांना उत्तर न देण्याचे धोरण स्वीकारले. ते पराभूत झाले आणि तो निर्णय चुकीचा होता, हे त्यांनी पुढे स्वतः मान्य केले.

इथवर कार्यकर्त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आता त्यांनाही एक विचारले पाहिजे. उमेदवार आक्रमक व्हावा, म्हणजे त्याने नेमके काय करावे? या एका शब्दात दोन निराळ्या मागण्या मिसळलेल्या असतात. त्याने अधिक दारे ठोठवावीत, अधिक बैठका घ्याव्यात, प्रश्न ठणकावून मांडावेत, ही एक. त्याने प्रतिस्पर्ध्याच्या घरादाराचा उद्धार करावा, त्याला टोपणनावे ठेवावीत, समाजाच्या नावाने लोकांना भडकवावे, ही दुसरी. पहिली मागणी उमेदवाराने पुरी केलीच पाहिजे. दुसरी त्याने नाकारली, तर त्याच्यावर चिडण्याऐवजी त्याचे आभार मानायला हवेत.

उपहास, टोपणनावे आणि पाठीमागची निंदा यांना कुरआनने सूरह हुजुरातमध्ये (आयत ११ व १२) स्पष्ट मनाई केली आहे. निवडणुकीच्या पंधरवड्याची सवलत तिथे दिलेली नाही. देशाचा कायदाही येथे मोकळीक देत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान करणे आणि धर्माच्या नावाने मते मागणे, ही दोन्ही भ्रष्ट कृत्ये आहेत. धर्म, जात, भाषा यांच्या आधारे मत मागण्याची ही मनाई सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी, मुंबईच्याच एका निवडणुकीतून उद्भवलेल्या खटल्यात, आणखी व्यापक केली. आपला उमेदवार समाजाच्या नावाने घोषणा देत नाही म्हणून त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सौम्य वाणी म्हणजे दुबळी वाणी, हा समजही खरा नाही. ह. मूसा (अ.) आणि ह. हारून (अ.) यांना फिरऔनसारख्या जुलमी राजाकडे पाठवताना मृदू बोलण्याची आज्ञा झाली (सूरह ताहा, आयत ४४). तरीही ते दरबारात स्वतः गेले, आणि बनी इस्राईलला मुक्त करण्याची मागणी त्यांनी जराही पातळ केली नाही. शब्द मृदू होते, मागणी ठाम होती. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. भाषा जहाल असते आणि तिच्यात मागणी शोधूनही सापडत नाही.

पैठणीच्या हातमागावर धोटा फेकणारा हात पाहणाऱ्याला दिसतो. खड्ड्यात पावड्या दाबणारे पाय दिसत नाहीत. ते थांबले तर वस्त्र पुढे सरकत नाही. प्रचाराचेही असेच आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख एसटीने प्रवास करणारे, साध्या राहणीचे आमदार म्हणून महाराष्ट्राला ठाऊक होते. १९९५ मध्ये ते अवघ्या १९२ मतांनी हरले. त्या दिवशी त्यांच्या कार्यकर्त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. पण १९९९ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, आणि एकूण अकरा वेळा ते विधानसभेत गेले. पाच वर्षे लोकांत फिरणाऱ्याला शेवटच्या पंधरा दिवसांत ओरडावे लागत नाही. आणि हार झाली तरी तेवढ्याने माणसाचे मोल घटत नाही. ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या येवल्यात धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली, त्यांनाही १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात पराभव पाहावा लागला.

मग कार्यकर्त्याने करावे काय? ह. मूसा (अ.) यांनी आपल्या बोलण्यातील अडचण ओळखून अल्लाहकडे अधिक वाक्पटू भावाची साथ मागितली होती. ज्याचा उमेदवार मितभाषी आहे, त्याने त्याचा हारून व्हावे. त्याचे काम, त्याचा हिशेब, त्याचे म्हणणे घरोघर नेऊन सांगावे. पण जे उमेदवार स्वतः बोलत नाही, ते त्याच्या नावाने मोबाइलवर पसरवू नये. त्यात त्याच्या सभ्यतेचा घात होतो आणि पाप पाठवणाऱ्याच्या माथी बसते.

आणि उमेदवार चालायलाच तयार नसेल, तर ते चौकात न बोलता त्याच्या घरी जाऊन, त्याच्या तोंडावर सांगावे. धर्म म्हणजे हितचिंतन, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे, आणि सत्तेतील माणसांचे हितचिंतनही तिच्यात आले आहे. ‘भाऊ, तुम्ही कोणाला शिवी देऊ नका, पण उद्या सकाळी आमच्या गल्लीत या,’ एवढे एक वाक्य पुरेसे असते. ते ऐकून जो येतो, त्याच्यासाठी रात्र जागावी. जो तरीही येत नाही, त्याचे मौन संयमाचे नाही, हे ओळखून पुढच्या वेळी दुसरा माणूस शोधावा.