चिठ्ठीवर नाव नको

तास संपताना सरांनी ‘कळलं का?’ विचारायचं आणि वर्गानं एका सुरात ‘हो सर’ म्हणायचं, हा आपल्या कॉलेजांतला जुना करार आहे. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, कुठंही जा, तो दोन्ही बाजूंनी इमानानं पाळला जातो. खरोखर काय कळलं ते परीक्षेत उघड होतं, पण तोवर ते शिकवून झालेलं असतं.

शिकवणं आणि तपासणं यांची ही फारकत आपल्या विद्यापीठांच्या जन्मापासूनची. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर: शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठानं. पुढं १९२३ मध्ये नागपूर आणि १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ झालं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कॉलेजांचं विद्यापीठ बदललं, पेपर काढणारा दूरचाच राहिला. या व्यवस्थेचं दुखणं कुणाला दिसलं नाही असं नाही. एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची असावी, असं राधाकृष्णन आयोगानं १९४९ मध्येच म्हटलं. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये शिक्षकानं वर्षभर करायच्या मूल्यमापनाचा आग्रह धरला. कल्पना चांगली होती. तिचं आपण ‘इंटरनल’ केलं: सबमिशन, सही, आणि जवळजवळ सगळ्यांना सारखेच मार्क. परीक्षा वर्गात आली खरी, पण शिक्षकाला काही सांगायला नव्हे, गुणपत्रिकेत भर घालायला.

दुसरी वाट मात्र आपल्या मातीत होती. ज्यांचं नाव अमरावती विद्यापीठाला दिलं ते गाडगेबाबा कीर्तनात नुसतं सांगत नसत, विचारत. समोरच्या माणसांकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न उभा करत. हजारोंच्या गर्दीत हे जमत होतं. तेव्हा ‘वर्ग मोठा आहे हो, कसं जमणार?’ ही तक्रार त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात जरा जपून करावी.

हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९०च्या सुमारास जवळपास हेच भौतिकशास्त्राच्या वर्गात सुरू केलं. सूत्रं वापरून अवघड गणितं सोडवणारी त्यांची मुलं साध्या कल्पनेवरच्या प्रश्नाला अडखळत होती. मग ते व्याख्यान थांबवून एक प्रश्न टाकू लागले. आधी प्रत्येकानं स्वतःचं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं.

आपल्याकडे असा प्रश्न शोधायला लांब जायला नको. जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. वर्गात विचारावं: रंग पाण्यात विरघळला आहे की पाण्यातल्या जिवंत पेशींचा आहे, हे एका बाटलीवरून कसं ओळखाल? पाच मिनिटं मुलांना भांडू द्यावं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं तेव्हा गुलाबी जैवभार तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा होता. हे उत्तर आधी सांगितलं तर वहीत एक ओळ वाढते. वाद घालून त्याच्यापर्यंत पोचलेला मुलगा प्रयोग म्हणजे काय ते शिकतो. शिवाय शेजाऱ्याशी भांडताना तो वऱ्हाडीत बोलतो. इंग्रजीत हात वर करायला लाजणारी मेहकरची मुलगी या पाच मिनिटांत गप्प राहत नाही. आपल्या जिल्ह्यापुरता मला हाच फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

आकडेही याच बाजूचे आहेत. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये पाहिलं गेलं, तेव्हा निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के नापास होत होते आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के. पण २०१९ च्या हार्वर्डमधल्याच एका अभ्यासात गंमत दिसली: अशा वर्गात मुलं जास्त शिकली, तरी त्यांना वाटलं की आपण कमी शिकलो. ऐकताना सगळं सोपं वाटतं आणि स्वतः विचार करताना डोकं दुखतं. ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात’ ही कुरकुर म्हणूनच होणार. ती ऐकून प्राचार्यांनी घाबरू नये.

सुरुवातीला यंत्र लागत नाही, स्मार्ट बोर्ड तर नाहीच. तास संपण्याआधी कागदाच्या चिठोऱ्यावर प्रत्येकानं लिहायचं: आज काय अजून उलगडलं नाही? नाव नको, मार्क तर अजिबात नकोत. मार्क आले की चिठ्ठीवर पुन्हा ‘हो सर’च उमटेल. पुढचा तास त्या चिठ्ठ्यांतल्या सर्वांत जास्त वेळा आलेल्या शंकेपासून सुरू करायचा. अभ्यासक्रम एखाद-दोन प्रकरणांनी मागं पडेल. पडू द्यावा, कारण शिकवून संपलेली पण न कळलेली प्रकरणं मुलं नाही तरी गाइडमधूनच पाठ करतात.

नवं शैक्षणिक धोरण लागू होताना कॉलेजांवर कागदपत्रांचा नवा ढीग येतोच आहे. म्हणून विद्यापीठाला आणि नॅकच्या समित्यांना एवढीच विनंती: या चिठ्ठ्यांची फाइल मागू नका.